चाळीस घोडे गेले कुठे?

आजोबांच्या पद्मिनीत नवं दमदार इंजिन टाकायचं ठरलं आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. मग सुरू झाली गॅरेजची वारी. इंजिन स्वॅप कुठे जमतो, कुठे अडतो आणि कायदा त्याबद्दल काय म्हणतो, याची ही गोष्ट.

खंबाटकी घाट. मे महिना, दुपारचे बारा. पुण्याहून साताऱ्याला निघालेली आमची प्रीमियर पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत चढत होती. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि मागे एक ट्रक. तो ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शेवटी आमच्याकडे बघत, मान हलवत पुढे निघून गेला. ट्रकनं ओव्हरटेक केलेली कार! दादानं लाजेनं खिडकीची काच वर केली.

पुढच्याच वळणावर गाडीनं मान टाकली. मामानं शांतपणे बॉनेट उघडलं, पाण्याची बाटली घेतली आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं. उष्णतेनं पाइपमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. त्यावर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा इलाज. आजी पुढच्या सीटवर पदरानं वारा घेत बसली होती.

"बाबा, बास झालं आता," दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. "हिच्यात नवं इंजिन टाकू. पाच गिअरवालं. घाट असा चढेल ना!"

मामानं फडकं पिळलं आणि इतकंच म्हणाला, "आधी घरी तर पोचू."

दुप्पट ताकदीचं स्वप्न

ही गाडी आजोबांनी १९७८ साली घेतली. आपल्यापैकी बहुतेकांनी पद्मिनी पाहिली असेल ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती बनवली. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' या नावानं आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. गिअर चार, तेही स्टिअरिंगखालच्या दांड्यावर. आज कॉलेजच्या पार्किंगमधल्या साध्यातल्या साध्या हॅचबॅकची ताकदही याहून जास्त असते.

दादाच्या डोक्यात रील्स होत्या. जुनी गाडी, आत चकचकीत इंजिन, बॉनेट उघडलं की मित्रांचे डोळे विस्फारलेले. "स्विफ्टचं इंजिन टाकायचं का?" मी अज्ञान प्रकट केलं. दादानं कपाळाला हात लावला.

पहिला धडा इथेच मिळाला. स्विफ्टसारख्या गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि पुढची चाकं फिरतात. गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं पुढेच, एका गाठोड्यात. पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि फिरतात ती मागची चाकं. त्यामुळे इंजिनही अशाच मांडणीच्या गाडीतून आणावं लागतं. दादाची निवड होती मारुती जिप्सी. १२९८ सीसी, सुमारे ८० हॉर्सपॉवर आणि त्याच इंजिनाला जोडलेला पाच गिअरचा बॉक्स. ताकद थेट दुप्पट!

"इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच आणायचा," दादा म्हणाला. त्याला कारण आहे. दोघांच्या मध्ये घंटेच्या आकाराचं एक कव्हर असतं, बेल हाउसिंग. वेगळ्या कंपनीचा गिअरबॉक्स जोडायचा तर त्या कव्हरची भोकं जुळत नाहीत. मग मध्ये जाड धातूची अॅडॉप्टर प्लेट बनवून घ्यावी लागते. ती केसभर जरी तिरकी बसली, तरी क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. जोडी एकत्र आणली की निदान ही डोकेदुखी वाचते.

कंपन्यांनीही हेच केलं

मला वाटायचं, असले उद्योग फक्त हौशी लोक करतात. शोधायला लागले तेव्हा कळलं, खुद्द कंपन्याही याच वाटेनं गेल्या आहेत.

इंग्लंडची एमजीबी ही १९६२ साली आलेली छोटी स्पोर्ट्स कार. तिच्यात बीएमसी कंपनीचं 'बी सिरीज' कुळातलं १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. आपल्या अॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच कुळातलं, म्हणजे दोघी इंजिनाच्या नात्यानं चुलतबहिणी. १९७०च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या एका रेसिंगवाल्यानं एमजीबीमध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवायला सुरुवात केली. एवढं मोठं इंजिन म्हणजे गाडीचं नाक जमिनीला टेकणार, असं वाटेल. पण रोव्हरचं इंजिन अॅल्युमिनियमचं होतं आणि एमजीबीचं बिडाचं. त्यामुळे दोघांच्या वजनात फारसा फरकच नव्हता. कॉस्टेलोच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या आणि १९७३ मध्ये कंपनीनं स्वतःचीच एमजीबी जीटी व्ही-एट बाजारात आणली.

आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ साली आली, तेव्हा त्या लांबलचक गाडीत अॅम्बॅसेडरचंच इंजिन होतं, ५० हॉर्सपॉवरच्या आसपासचं. दिसायला पैलवान आणि धावायला धापा टाकणारी! मग कंपनीनं तिच्यात जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घातला. आज जुन्या गाड्यांचे शौकीन कॉन्टेसाचं नाव काढतात, ते बहुतेक वेळा या दुसऱ्या अवताराचं. पुढे १९९२ मध्ये अॅम्बॅसेडरलाही इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले. पद्मिनीच्या शेवटच्या 'एस-वन' मॉडेलमध्येही निस्सानचा, खाली जमिनीवर दांडा असलेला गिअरबॉक्स आला होता.

मी हे सगळं उत्साहानं मामाला ऐकवलं. दादाला पाठबळ मिळालं. मामा म्हणाला, "चला, मिस्त्रींना विचारू."

मिस्त्रींची उलटतपासणी

साताऱ्यातले मिस्त्री आमची गाडी आजोबांच्या वेळेपासून ओळखतात. त्यांनी दादाचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "इंजिन बसेल की. न बसायला काय झालं? पण त्यानंतर काय काय बदलणार, ते लिहून आणलंय का?"

दादाकडे वही नव्हती. माझ्याकडे होती. मिस्त्री सांगत गेले, मी लिहीत गेले.

सगळ्यात आधी फाउंडेशन. इंजिन ज्या रबरी बैठकींवर बसतं, त्या नव्यानं बनवाव्या लागणार. वेल्डिंग थेट गाडीच्या मूळ सांगाड्याला. मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी. ती पुढच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या बीमला अडू शकते. अडली तर चेंबर कापून नव्या आकाराचं करायचं. गिअरचा दांडा आता स्टिअरिंगखाली नाही, तर मध्ये येणार. म्हणजे फ्लोअर कापायचा. आणि पुढची ती सोफ्यासारखी सलग सीटही काढावी लागेल.

"सीट काढायची नाही," मागून आजीचा आवाज आला. तिला गुडघ्यांमुळे उंच एसयूव्हीत चढता येत नाही. या गाडीत ती दार उघडून सरळ बसते आणि सरकते. तिच्यासाठी हीच गाडीची सगळ्यात मोठी सोय.

यादी पुढे सरकली. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, लेथवर बॅलन्स करून घ्यायचा. बॅलन्स चुकला तर ठरावीक वेगाला अख्खी गाडी थरथरणार. मागचं डिफरन्शियल आणि अॅक्सल चाळीस हॉर्सपॉवरच्या हिशेबानं बनवलेले. दुप्पट ताकद आली की आधी तेच रडणार. रेडिएटर मोठा हवा. इंजेक्शनवालं इंजिन असेल तर जोरात पेट्रोल ढकलणारा इलेक्ट्रिक पंप, परतीचा पाइप, सेन्सर, ईसीएम आणि त्याची सगळी वायरिंग आली.

"आणि ब्रेक?" मिस्त्रींनी विचारलं.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. दादानं खांदे उडवले. मग मिस्त्रींनी जे त्यांच्या भाषेत सांगितलं, ते मी घरी येऊन अकरावीच्या फिजिक्समध्ये तपासलं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ९०च्या वेगानं जाणारी गाडी थांबवायची, तर ब्रेकना दीडपट नाही, सव्वादोन पट उष्णता पचवावी लागते. घाट उतरताना ड्रम आधीच तापलेले असतात. ते जास्त तापले की पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. इंजिन दुप्पट आणि ब्रेक तेच, हे गणित घाटातल्या वळणावर सुटत नाही.

कॉन्टेसाच्या गोष्टीत मी जे वगळलं होतं, ते आता ध्यानात आलं. कंपनी इंजिन बदलते तेव्हा इंजिनिअरांची अख्खी टीम ब्रेक, कूलिंग, अॅक्सल सगळं तपासते, सरकारमान्य चाचण्या करून घेते आणि मग गाडी विकते. आमच्याकडे होते मिस्त्री, दादा आणि माझी वही.

कागदाचा घाट

खरा घाट पुढे होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीच्या कागदावरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली. आता नियमबाह्य बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग काहीच करता येत नाही का? येतं. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवून आरटीओकडून नोंदणी पुस्तकात नवा इंजिन नंबर लावून घेण्याची वाट आहे. सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचं मान्यताप्राप्त किट बसवायलाही कायद्यात जागा आहे. पण पद्मिनीत जिप्सीचं इंजिन हे यातल्या कशातच बसत नाही. रीलमध्ये हा भाग कधीच दिसत नाही. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. तेव्हा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर पाहिला जातो. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायचं कारण ठरू शकतो. आणि त्या अपघातात दुसरं कुणी जखमी झालं असेल, तर प्रश्न फक्त आपल्या गाडीच्या पैशांचा उरत नाही.

त्यात आणखी एक गाठ सापडली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. म्हणजे आज इंजिन बदललं तर दोन-तीन वर्षांनी मिळू शकणारा मान आत्ताच घालवायचा.

"मग इंजिनाला हात लावायचा नाही, ठरलं," मी म्हणाले.

मामानं नियम पुढे वाचला. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशाच कारणांसाठी ती बाहेर काढायची. "म्हणजे आईला घेऊन पुण्याला जायचं नाही. मग ही गाडी ठेवायची कशाला? बघायला?"

आता घरात दोन पार्ट्यांच्या तीन झाल्या. दादाला ताकद हवी होती, मला मूळ रूप हवं होतं आणि मामाला चालणारी गाडी. आजी कुणाच्याच पार्टीत नव्हती. तिला फक्त सीट हवी होती.

दोन आजारी सिलिंडर

प्रश्न सोडवला मिस्त्रींनी, तोही अगदी साध्या मार्गानं. पुढच्या खेपेला त्यांनी दादाच्या हातात एक गेज दिलं. "तू शिकतोयस ना? कॉम्प्रेशन बघ हिचं."

चारही स्पार्क प्लग काढायचे. एकेका भोकात गेज लावायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि स्टार्टर मारायचा. पिस्टन हवा किती दाबतो, ते काटा सांगतो. पहिला आणि चौथा सिलिंडर ठीक होते. दुसरा आणि तिसरा त्यांच्या निम्म्यावर. मिस्त्रींनी त्या दोन्हींत चमचाभर ऑइल सोडायला सांगितलं आणि पुन्हा मोजायला लावलं. काटा चढला. ऑइलनं पिस्टन आणि सिलिंडरमधली फट तात्पुरती बुजवली होती. म्हणजे रिंगा झिजलेल्या. व्हॉल्व्हचा दोष असता तर ऑइल घालूनही काटा जागचा हलला नसता.

दादा गेजकडे बघत राहिला. "म्हणजे चाळीसमधले चाळीस आपल्याला मिळतच नव्हते?"

"चाळीस?" मिस्त्री हसले. "निम्मे घोडे केव्हाचे तबेल्यात झोपलेत. आणि तू ऐंशी मागतोयस."

मला वाटतं, आमच्या घरातला वाद तिथंच मिटला. आम्ही सगळे पद्मिनीची तुलना नव्या गाड्यांशी करत होतो. १९७८ सालच्या धडधाकट पद्मिनीशी तिची तुलना कुणी केलीच नव्हती. आजोबा याच गाडीतून, याच घाटानं अख्खं कुटुंब आणायचे. आम्ही नावं ठेवत होतो गाडीच्या वयाला आणि आजार होता दोन सिलिंडरना.

इंजिन उतरवलं. सिलिंडर बोअर केले, ओव्हरसाइज पिस्टन-रिंग टाकले, व्हॉल्व्ह ग्राइंड केले. रेडिएटर खोलला तेव्हा त्यातून वाटीभर गंज निघाला. घाटात गाडी का तापायची, ते उत्तर त्या वाटीत होतं. इंजिनाचा मूळ ब्लॉक आणि त्यावरचा नंबर जिथल्या तिथे राहिला. ब्रेकचे सगळे लायनर आणि रबर किट नवे टाकले. डेल्कोमधल्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. जुने पॉइंट दादानं डबीत जपून ठेवलेत. उद्या कुणाला गाडी जशीच्या तशी हवी झाली तर अर्ध्या तासात परत बसतील. सगळ्याचा खर्च दादाच्या नव्या फोनपेक्षा थोडा जास्त झाला, आणि हे वाक्य मामा रोज एकदा तरी ऐकवतो.

दादाचं स्वप्न संपलेलं नाही. त्याच्या वहीत (हो, आता त्यानंही वही घेतलीय) अॅडॉप्टर प्लेटची ड्रॉइंग्ज आहेत. पण पहिल्या पानावर त्यानं मिस्त्रींची यादी उतरवून काढलीय, आणि तिच्यात एक नंबरला इंजिन नाही, ब्रेक आहेत.

जुलैत आम्ही पुन्हा पुण्याहून निघालो. बोअर केलेलं इंजिन आधी काही शे किलोमीटर सांभाळून चालवायचं असतं, म्हणून मामा ताशी ५०च्या वर जाईना. खंबाटकीच्या पायथ्याला पाऊस होता, हवा गार होती, हे मान्य. तरी ओलं फडकं मी हातात तयार ठेवलं होतं. मामानं दुसरा टाकला. मागे ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला आणि याही वेळी तो पुढे निघून गेला. दादानं काच वर केली नाही. गाडी एका लयीत चढत राहिली, एक वळण, दुसरं, तिसरं.

वर पोचल्यावर आजीला जाग आली. तिनं बाहेर पाहिलं, पदर सारखा केला आणि विचारलं, "घाट कधी लागायचा रे?"